डायवरची आमटी

वाटी पुढे ठेवली की तो आधी तिच्यावर फुंकर मारायचा. आमटी गरम असायची म्हणून नव्हे. फुंकरीसरशी वर तेल सरकतं का, हे त्याला बघायचं असे. मग वाटी उजेडाकडे तिरकी करायची, एक डोळा बारीक करायचा आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचं, "तवंग नाय. चालंल."

खानावळ माझी, गॅस माझा, आमटी माझी, आणि तिला पास करणारा हा. शेजारच्या बाकावरचं कुणीतरी म्हणायचं, "काय डायवर, आरटीओचा पास दिलास काय आमटीला?" तो हसायचा नाही. भात कालवायला लागायचा.

त्याला सगळे डायवरच म्हणत. शाळेच्या बसवर होता. गाव देवरूखच्या पलीकडे डोंगरात. तिथे थोरली बहीण होती, बाकी कुणी नाही; लग्न राहून गेलेलं. इथे रत्नागिरीत माझ्या खानावळीमागच्या आळीत एक खोली घेऊन राहायचा आणि दोन्ही वेळचं माझ्याकडे जेवायचा. उंच, खांद्यात जरासा वाकलेला, बोलायला कमी. असे लोक तुम्हीही पाहिले असतील, जे पायी चालतानासुद्धा वळणाआधी थांबतात, दोन्हीकडे बघतात आणि मग आपणच आपल्याला पुढे जायची परवानगी देतात. तो तसा चालायचा.

फुंकर मारण्याची सवय त्याला पहिल्यापासून नव्हती. पहिली काही वर्षं तो माझ्या तळलेल्या बांगड्याचं डोकंसुद्धा ताटात ठेवत नसे. मग पित्ताशयात खडे झाले, आणि शेवटी ती पिशवीच काढून टाकावी लागली. सगळ्यांना वाटलं, सुटला. पण पिशवी गेल्यावर त्याच्या पोटाने नवीनच प्रकार सुरू केला. तेलकट काही आत गेलं की थोड्या वेळाने कळ यायची आणि कळेच्या मागोमाग अशी घाई सुटायची की ती थांबवणं माणसाच्या हातात नसे. दुकानात बसणाऱ्याचं असल्या पोटाने कसंबसं निभतं. ज्याच्या मागे गाडीभर पोरं बसलेली असतात त्याने काय करायचं?

त्याने जे केलं ते गावभर झालं. एका चढावर त्याने बस कडेला घेतली, हँडब्रेक लावला, चावी काढून पोरं सांभाळणाऱ्या बाईंच्या हातात दिली आणि जांभ्या दगडाच्या गडग्याच्या कुंपणापलीकडे दिसेनासा झाला. तो परत येईपर्यंत पोरं खिडक्यांतून एका सुरात ओरडत होती, "डायवरकाका, आटपा!" पोरांनी हे घरी सांगितलं, घरच्यांनी शाळेला, शाळेने बसच्या मालकाला.

मालकाच्या चार गाड्या होत्या आणि बोलणं मोजकं होतं. त्याने डायवरला बोलावून सांगितलं, परत एकदा बस वाटेत उभी राहिली तर चावी ठेवायची आणि गॅरेजच्या गेटवर खुर्ची टाकून बसायचं. पगार देईन, स्टिअरिंग देणार नाही.

"मला गेटवर बसवतील," त्या रात्री तो मला म्हणाला.

"बसा की. पगार तोच आहे ना?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला जेवण न देता पैसे परत देते आहे.

डॉक्टर घाटावरून आलेला होता. त्याने सांगितलं, तेल, तूप, साय, तळण, मटण, सगळं बंद. डायवरने ते शब्द पाठ केले. विचारलं की एका दमात म्हणून दाखवायचा, शाळेतल्या कवितेसारखे. मग माझ्याकडे सौदा करायला आला.

"मालकीणबाई, माझ्यापुरता येगळा टोप लावाल?"

"लावीन. पण वेगळ्या टोपाला गॅस वेगळा जळतो."

"पन तेल वाचतंय ना तुमचं."

"वाचलेलं तेल तुमच्या बसमधे घालू काय?"

बराच वेळ असं चाललं. मी जेटीवर कोळणींशी घासाघीस करून हात तयार केलेली बाई आहे, पण हा माणूस चिडायचाच नाही, आणि न चिडणाऱ्याशी सौदा करणं फार कठीण. शेवटी त्याने तळलेल्या पापडावर पाणी सोडलं आणि मी भात पाहिजे तेवढा वाढायचं कबूल केलं.

फोडणी काढून घेतल्यावर आमटीत काय उरतं, हे ज्यांनी स्वयंपाक केला आहे त्यांना सांगायला नको. मी जिरं-मोहरी कोरडी भाजून घातली. माशाची तळण बंद केली, बोंबील नुसते कोकम-मिठात शिजवले. आणि गेलेली चव भरून काढायला वाटप हात सैल सोडून घातलं. ओला नारळ, पाट्यावर वाटावा तसा मिक्सरला बारीक केलेला. दुपारी वर पेलाभर सोलकढी, कारण सोलं पोटाला बरी, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

"बिनतेलाची आमटी म्हंजे पानी लागंल वाटलेलं," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "ही आधीच्यापेक्षा भारी हाय." त्याने दुसरी वाटी मागितली. दुसरा पेलाही.

तरी पोट ऐकेना. चार दिवस बरे जायचे, मग एखादा दिवस असा यायचा की तो सकाळी बस सोडून आला की भिंतीला पाठ लावून बसायचा, गार घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. तो गावात कुठे चहासुद्धा घेत नव्हता. माझ्याकडचंच जेवायचा, दुसरीकडे हात लावायचा नाही. त्यामुळे संशय घ्यायला जागा एकच उरली. फुंकर तेव्हा सुरू झाली.

पुढे पुढे तो स्वयंपाकघराच्या दाराशीही येऊन उभा राहायला लागला. तेलाचा डबा त्याच्या टोपापासून किती लांब आहे ते बघायचा.

"भाऊ, इथे यायचं नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर बाहेर बिस्किटं खाऊन राहा."

"तसं नाय ओ."

"मग कसं?"

तो परत जाऊन बाकावर बसायचा. वाटी यायची. फुंकर. "तवंग नाय. चालंल."

जानेवारीतल्या एका दुपारी, शाळा सुटल्यावर, बस दुसऱ्यांदा वाटेत उभी राहिली. या वेळी गडगाही नव्हता. एका घराचं दार वाजवून त्याला आत जाऊ द्या म्हणावं लागलं. त्या घरातली मुलगी त्याच शाळेत होती. संध्याकाळी मालकाने चावी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्याची बहीण गावाहून आली. ऐन जेवणाच्या वेळी, सगळी बाकं भरलेली असताना, ती दारातच उभी राहिली. ठेंगणी बाई, आवाज मात्र डोंगर ओलांडून जाईल असा.

"माज्या भावास काय घालतंस गो तू?"

मी म्हटलं, "आत ये, बस, पाणी घे."

"पानी नको माका. त्याची गाडी गेली! तेल घालत नाय म्हनतंस, नि त्याचा पोट असा कसा जातंय? सांग ना!"

"एक थेंब घालत नाही."

"दुसऱ्याच्या टोपातला डाव त्याच्या टोपात घालत असशील."

आता माझा आवाज डोंगराच्या कितपत पलीकडे गेला ते मला माहीत नाही. डाव माझ्या हातात होता एवढं आठवतं. मी डायवरकडे बघितलं. तो तिथेच बसला होता. "आक्के, नाय गो, त्या घालत नायत," एवढं म्हणायला किती श्वास लागतो? रोज आमटीवर फुंकायला लागतो त्याहून कमी. पण त्याने मान खाली घातली आणि बोटाने ताटातला भात एका बाजूला केला. जेवणारे सगळे बघत होते. त्यांतले काही पुढच्या आठवड्यापासून आले नाहीत.

मी खूप लोकांशी भांडले आहे आणि बहुतेकांना विसरले आहे. ती मान मी विसरलेले नाही.

त्या वेळी मी बहिणीला म्हटलं, "आज रात्री राहणार आहेस ना? मग त्याच्या टोपातली आमटी तूच आपल्या हाताने डब्यात भर. झाकण लाव, वर फडकं बांध, गाठ तूच मार. डबा माझ्या फ्रिजमधे राहील. तेल असलं की सकाळी वर येतं. सकाळी तूच सोड." थंडीचे दिवस असले तरी आमच्या हवेत आमटी रात्रभर बाहेर टिकत नाही, म्हणून फ्रिज. बहिणीने गाठ अशी मारली, जणू बैल दाव्याला बांधते आहे.

सकाळी मी मुद्दाम दोन-चार नेहमीच्या गिऱ्हाइकांना चहाला थांबवून घेतलं होतं. ऐकणारे होते तसे बघणारेही पाहिजेत. बहिणीने गाठ सोडली, झाकण काढलं.

आमटीवर पांढरी चकती बसली होती. नखाने टोचली तर तुकडा निघावा इतकी जाड.

"ह्या काय?" बहीण म्हणाली.

मी चकतीचा तुकडा तळहातावर घेतला. तो बघता बघता वितळला. डायवर पुढे झाला. त्याने एक तुकडा उचलून दोन बोटांत चोळला आणि नाकाशी नेला.

"ह्या आपल्या डोक्याचा वास हाय," तो म्हणाला.

खरंच होतं. खोबरेल होतं ते.

आमच्याकडे खोबरेल केसांना लावतात. जेवणात घालतात तो नारळ. झाड एक, पण तेलाची बाटली आरशाच्या फळीवर आणि नारळ चुलीपाशी. नारळाला कुणी तेलात धरत नाही, मीठ जसं कुणी भाजीत धरत नाही. डॉक्टरला सुचलं नाही कारण तो घाटावरचा. त्याच्या घरच्या आमटीत नारळ औषधालाही नसणार. आम्हाला सुचलं नाही कारण आम्ही इथले. फोडणी काढल्यापासून मी वाटप वाढवत नेलं होतं, आणि तो "तवंग नाय" म्हणत दुसरी वाटी घेत होता. गरम आमटीत ते तेल दुधासारखं मिसळून राहतं. फुंकरीने काय सरकणार?

बहीण त्याला घेऊन डॉक्टरकडे गेली. काय झालं ते तिनेच येऊन सांगितलं. डॉक्टरने विचारलं, नारळ रोज खाता? ती म्हणाली, दोन टायम. किती? ती म्हणाली, आमटीस लागंल तेवढा. डॉक्टरने पेन खाली ठेवलं.

गावी जायच्या आधी तिने तो डबा स्वतः घासून पालथा घातला. माफी कुणी मागितली नाही. मीही नाही, तेल मी घातलेलंच नव्हतं.

मग नारळही बंद. रत्नागिरीत नारळाशिवाय रांधायचं म्हणजे काय, हे इथल्या लोकांना सांगितलं की ते आधी विचारतात, घरात कुणी गेलं काय? मी डाळ घोटून दाट केली. कांदा विस्तवावर भाजून वाटला. माशात तिरफळं वाढवली. सोलकढीच्या जागी नुसतं कोकमाचं पाणी, जिरं आणि मीठ घालून. पहिल्या दिवशीची आमटी इतकी फिकी होती की वाटीच्या बुडाशी कोरलेलं माझं नाव तिच्यातून वाचता येत होतं.

"दवाखान्यातल्यासारखी लागतंय," तो म्हणाला.

"दवाखान्यातलीच आहे. गिळा."

त्याने गिळली. महिना उलटायच्या आत त्याच्या चेहऱ्याचा पिवळेपणा गेला. कळ नाही, घाई नाही. रात्री झोप लागायला लागली. पण पोट बरं झालं तसं त्याचं जेवणच कमी होत गेलं. तो गेटवर बसत होता. सकाळी गाड्या निघाल्या की दार उघडायचं, आल्या की लावायचं. मी एकदा मासळी घेऊन तिकडून येत होते. त्याची बस दुसरा कुणीतरी बाहेर काढत होता. हा दार धरून उभा, आणि बघत होता आत, रिकाम्या आवाराकडे. बस गेल्यावर त्याने दार लावलं, आणि मग उगाच परत उघडून परत लावलं.

"मालकाला जाऊन सांगा की बरा झालो म्हणून," मी त्याला म्हटलं.

"कसा सांगू? त्याने एकदा सांगितल्यान ना."

अशा माणसाला काय म्हणायचं? मी चप्पल घातली आणि गॅरेजवर गेले. डायवर पगार घ्यायला बँकेत गेला होता ती वेळ साधून.

मालक म्हणाला, "बाई, तुम्ही कोण त्याच्या?"

"मी त्याला जेवायला घालते."

"मग घाला."

"घालते म्हणूनच सांगते. त्याचं पोट आता माझ्या हातात आहे. बस द्या."

तो म्हणाला, सामानाचा टेम्पो देतो. मी म्हटलं, पोरांची बस. तो म्हणाला, जूनमधे शाळा उघडल्यावर बघू. मी म्हटलं, उद्या. त्याने हात जोडून नमस्कार केला, म्हणजे उठा आता. मी उठले नाही. आवाराकडे बघत बसले. चारातल्या दोन गाड्यांचे ड्रायव्हर संगमेश्वरकडचे, एक गुहागरचा. हे मला माहीत होतं, कारण तिघेही कधी ना कधी माझ्याकडे जेवले होते.

मी विचारलं, "शिमग्याला तुमच्या गाड्या कोण चालवतं हो?"

शिमग्यात पालखी गावात फिरायला लागली की कोकणातला माणूस नोकरीला जुमानत नाही. मालकाला दर वर्षी त्या दिवसांत स्वतः स्टिअरिंगवर बसावं लागायचं आणि त्याला कंबरेचा त्रास होता.

"हा शिमग्याला जाणार नाही," मी म्हटलं. "या वर्षी नाही, पुढेही नाही."

"विचारलंत त्याला?"

"त्यात विचारायचं काय?"

मालकाने थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवली. मग म्हणाला, ठीक आहे. पण तुम्ही आला होतात हे त्याला कळता कामा नये. कळलं तर उद्या प्रत्येक जण आपापल्या घरच्या बायका पाठवील. मी म्हटलं, नाही कळणार. सौद्यात दिलेला शब्द मी मोडत नाही. मोडला तर जेटीवर मला उद्या मासळी कोण देईल?

दुसऱ्या दिवशी दुपारी डायवरने बसची चावी ताटाशेजारी ठेवली आणि जेवेपर्यंत उचलली नाही. "आपणहून बोलावून दिल्यान," तो म्हणाला. "मी सबूद काढला नव्हता. मालकीणबाई, असा मालक मिळत नाय."

"नाही ना?" मी म्हटलं, आणि भाताचा डाव ताटात जरा जोरात आपटला.

"शिमग्याची सुट्टी तेवढी मागायची नाय म्हनाला. बरोबर हाय त्याचं. एवढा केल्यान माज्यासाठी."

त्यानंतरची वर्षं मी हे ऐकत राहिले. नवीन कुणी बाकावर बसला की तो त्याला सांगायचा, माझं पोट असं होतं, बस गेली होती, पण माझा मालक देवमाणूस. आमटीचा विषय त्यात यायचा तो एवढाच, की आमटी फिकी असते पण सोसते. बस पुन्हा वाटेत उभी राहिली नाही. शिमग्यात आळीतली सगळी माणसं गावी जायची, खानावळ ओस पडायची, आणि हा एकटा येऊन बसायचा. तिकडे त्याच्या दाराशी पालखी यायची तेव्हा आरती धरायला बहीण एकटी असायची. मी त्याला पुरणपोळी वाढायचे, तुपाशिवाय. तो ती कोरडीच खायचा, आणि लांबून ढोल ऐकू आले की चावणं थांबवायचा. सौदा म्हटला की दोन्हीकडून काहीतरी जातंच. मात्र कुणाचं काय गेलं हे आम्हा तिघांतल्या दोघांनाच माहीत होतं.

यंदा त्याने नोकरी सोडली. वय झालं होतं, आणि बहिणीला आता विहिरीचं पाणी ओढवत नव्हतं. निघाला तो नेमका शिमग्यात. सकाळी जेवायला थांबला नाही, म्हणून मी डबा भरून स्टँडवर घेऊन गेले. देवरूखची गाडी मुंबईकरांनी आणि त्यांच्या पिशव्यांनी भरली होती. तो ड्रायव्हरच्या मागच्या बाजूला खिडकीशी बसला होता. मी आत चढून डबा त्याच्या मांडीवर ठेवला.

"नारळ नाही. बहिणीला सांगा, घालायचा नाही म्हणून."

"सांगितलंय." मग तो म्हणाला, "काल मालकाकडं गेलो होतो. तो म्हनाला, जाताना एकदा त्या खानावळवाल्या बाईंना इचार. मी म्हटलं, काय इचारू? तो म्हनाला, त्यांनाच इचार."

तो माझ्याकडे बघत राहिला. मालकाने आपली बाजू मोडली म्हणून मी माझी का मोडावी? आणि खरं सांगायचं तर, ज्याला त्या दिवशी भरल्या बाकांसमोर चार शब्द काढता आले नाहीत, त्याला मी गाडीत उभी राहून सगळं ऐकवायचं, हे मला पटलं नाही. हे वाचून तुम्हाला कळलं. त्याला कळायचं नाही. तो पेपरात फक्त हवामान वाचतो.

"काही नाही," मी म्हटलं. "डबा परत पाठवा."

तेवढ्यात इंजिन सुरू झालं आणि गाडी फलाटावरून मागे सरकायला लागली. माणसं उभी, सामान वाटेत, मला उतरता येईना. मी कंडक्टरला हाक मारली. मागे कुणाची तरी रिक्षा आडवी येत होती, सगळे तिकडे बघत ओरडत होते. डायवर दोन्ही हात डब्यावर ठेवून सरळ समोर बघत होता, आणि त्याचा उजवा पाय, खाली ब्रेक असावा तसा, गाडीच्या पत्र्यावर हळूहळू दाबत चालला होता.

कंडक्टरने घंटी मारली. गाडी थांबली. मी पिशव्या ओलांडत दारापर्यंत गेले आणि उतरताना मागे बघितलं. पाय अजून तसाच दाबलेला होता.